सतरंजी अंथरणारे हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात संगीत विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी संगीत विभागाच्या वतीने मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी गायिका नाही, वादक नाही आणि संगीतशास्त्राचा माझा अभ्यास तर नाहीच. कारखान्याच्या शाळेत मी मुलांना भूगोल शिकवला आणि उरलेल्या वेळात या विभागाची मिळेल ती कामे केली. मैफलीत माझी जागा बहुधा दाराशी असते. त्यामुळे कितीतरी गायकांचा बडा ख्याल मी अर्धाच ऐकला आहे आणि भैरवी मात्र बहुतेकांची पूर्ण ऐकली आहे, कारण तोवर उशिरा येणारे संपलेले असतात. तेव्हा दाराशी उभे राहून जे दिसते, त्याविषयीच मी बोलेन. व्यासपीठावरच्या संगीताविषयी बोलणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. सतरंजी अंथरणाऱ्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही.

आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत आहे की, संगीत कलावंत घडवतात आणि संस्था त्याला केवळ जागा पुरवतात. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ही समजूत अपुरी ठरते. पूर्वी गवयाचा आश्रयदाता एक असे, तो म्हणजे संस्थानिक. त्याची मर्जी असेपर्यंत गाणे, आणि गाणे ऐकायचे ते दरबारातल्या निवडक मंडळींनी. सामान्य गृहस्थाच्या कानी संगीत पडे ते देवळात, कीर्तनात किंवा तमाशाच्या फडात. ही स्थिती पालटली ती वर्गणी नावाच्या एका साध्या गोष्टीमुळे. मुंबईत १८७० साली कैखुश्रू काबराजींनी पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला आणि १८८३ मध्ये त्याची शाखा थेट मद्रासेत उघडली. म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहून संगीताची संस्था चालवण्याचा उद्योग आपण काही नव्याने आरंभलेला नाही. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

त्या पारशी मंडळीत १८८४ साली एक तरुण महाराष्ट्रीय सभासद म्हणून दाखल झाला. पुढे तो वकील झाला, पण त्याची खरी वकिली रागांची. विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव आपण ग्रंथकार म्हणून घेतो. ते एका हौशी मंडळाचे सभासद होते, हे सहसा ध्यानात घेत नाही. वर्गणीदारांच्या अशा मंडळात थोरथोर गायक येत, गात, शिकवत आणि तिथे बसून हा तरुण ऐके, टिपून घेई. पुढे त्यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला, उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि १९१६ साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. त्या प्रचंड कार्याचे एक मूळ मंडळाच्या बैठकीत आहे. आपल्या बैठकीला मागच्या रांगेत बसणाऱ्या मुलाकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नये. तो काय टिपून घेत असेल, हे कोणास ठाऊक!

दुसरे विष्णु म्हणजे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मिरजेत गाणे शिकलेला माणूस पंजाबात जातो, तिथे ना राजाचे वर्षासन ना भाषेचा आधार, आणि लोकांच्या देणग्यांवर व मैफलींच्या उत्पन्नावर शाळा चालवतो, ही गोष्ट आपल्यासारख्या घरापासून लांब राहणाऱ्यांनी वारंवार आठवावी अशी आहे. पुढे मुंबईत त्यांनी मोठी इमारत उभारली. कर्जापायी ती हातची गेली, लिलाव झाला. पण विद्यालय बुडाले काय? विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर, बा. र. देवधर हे शिष्य गावोगाव गेले आणि त्यांनी तेच काम पुढे चालवले. १९३१ साली पंडितजी निवर्तले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. आज त्या मंडळाच्या परीक्षांना या गावातली आपली मुले बसतात, आणि त्यांच्यात बंगाली, उडिया व तमिळ घरांतलीही असतात. इमारत गेली तरी माणसे उरली, म्हणून संस्था उरली. आपल्या सभागृहाच्या बांधकाम निधीविषयी बोलताना हा क्रम उलटा होऊ देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

आता इतर प्रांतांकडे पाहू. जालंधरला देवी तलावाच्या काठी स्वामी हरिवल्लभांनी आपल्या गुरूच्या समाधीपाशी १८७५ साली संगीताचा मेळा सुरू केला. त्यांच्या मागे पंडित तोलोराम यांनी तो कित्येक वर्षे सांभाळला. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत आजही तो भरतो. मद्रासेत १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून दुसऱ्या वर्षी म्युझिक अकादमी जन्मली. बंगळुरात चामराजपेठेत एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली श्रीरामसेवा मंडळी काढली आणि रामनवमीचा मांडव हे त्या शहराचे एक सांस्कृतिक पीठ होऊन बसले. कलकत्त्याची डोव्हर लेन परिषद तर नावाप्रमाणेच एका गल्लीची. १९५२ मध्ये त्या भागातल्या रहिवाशांनी ती आरंभली. पुण्यात सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ साली त्यांची पुण्यतिथी साजरी करण्यासाठी जी मंडळी जमली, तिच्यातून आजचा विशाल महोत्सव वाढला आणि त्याची धुरा भीमसेन जोशींसारख्या गायकाने अनेक दशके वाहिली. अहमदाबादला नंदन आणि मंजू मेहता या कलावंत दांपत्याने १९८० मध्ये सप्तक उभे केले.

या साऱ्यांत सामान्य असे काय आहे? कोणी गुरूच्या स्मरणासाठी आरंभ केला, कोणी रामजन्मासाठी, कोणी शेजाऱ्यांच्या हौसेसाठी. पण प्रत्येक ठिकाणी आरंभीची माणसे मूठभर होती, एकमेकांना ओळखणारी होती, आणि स्वतःच्या घरचे कार्य असल्यासारखी राबणारी होती. कीर्ती मागाहून आली.

आपल्या विभागाचा जन्मही असाच. पन्नास वर्षांपूर्वी या पोलादाच्या गावात आलेली मराठी कुटुंबे गणपतीच्या दहा दिवसांत एकत्र येत आणि अकराव्या दिवशी पांगत. गणपतीत नाट्यगीते होत, कोणी हौशी पेटी काढी, कोणी तबल्यावर बसे. पांगण्याचे दुःख झाले म्हणून महिन्याला एक बैठक ठरली. गाव कारखान्याचे, त्यामुळे वेळापत्रक भोंग्याच्या हाती. संध्याकाळी बैठक ठेवावी तर दुसऱ्या पाळीची माणसे मुकतात, आणि रात्री ठेवावी तर पहिल्या पाळीवाल्यांना पहाटे उठणे आहे. यावर कोणीतरी तोड सुचवली की, काही बैठका रविवारी सकाळी साडेसहाला कराव्यात. परिणाम असा झाला की, रात्रपाळी संपवून माणसे घरी न जाता जेवणाच्या डब्यासह थेट सभागृहात येऊ लागली. सकाळचे राग मैफलीत सहसा वाट्याला येत नाहीत, ही रसिकांची जुनी तक्रार आहे. आमच्या गावाला ललत आणि तोडी पाळीच्या कृपेने ऐकायला मिळाले. भट्टीपुढे रात्र काढलेल्या माणसाला ललताच्या आलापीत डोळा लागला तर आम्ही त्याला कधी उठवले नाही. झोपही एक प्रकारची दाद असते, असे आमचे एक जुने सभासद म्हणत.

कलावंत येत तेही आमच्या ऐपतीमुळे नव्हे. गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, ही आमची खरी श्रीमंती. डिसेंबर-जानेवारीत कलकत्त्याच्या परिषदांना जाणारे कलावंत याच मार्गाने जात. सहा महिने आधी पत्र घालावे, 'जाताना किंवा येताना एक दिवस उतरा, बिदागी बेताची आहे, श्रोते मनापासूनचे आहेत' असे लिहावे. काही नकार येत, काही पत्रांना उत्तरच येत नसे. पण काही मोठ्या मनाची माणसे उतरत. त्यांची उतरण्याची जागा हॉटेल नव्हे, सभासदाचे घर. ज्या घरी पाहुणा येई, त्या घरातल्या गृहिणीची कसोटी असे. गाण्याआधी हलके खाणे, मध्यंतरात गरम पाणी, गाण्यानंतर मध्यरात्री ताजा वरणभात, आणि साथीदारांची चव व पथ्ये निराळी. अहवालात त्या मैफलींची नोंद आहे, रागांची नावे आहेत, अध्यक्षांचे आभार आहेत. स्वयंपाकघराची नोंद मात्र कुठे नाही. पन्नास वर्षांनी का होईना, ती आज मी येथे तोंडी करते.

मैफल दिसते तीन तासांची; तिच्यामागे महिनाभराचे काम असते. वर्गणी गोळा करणे हे त्यातले सर्वांत अवघड, कारण ज्याच्याकडे मागायची तो आपला मित्र असतो. सभागृहाची तारीख, निमंत्रणाची पत्रे, स्थानकावरून आणणे-पोचवणे, ध्वनिक्षेपक, सतरंज्या झटकणे, चादरी धुणे, समई, हार, चहा, चपलांची व्यवस्था, आणि वीज गेली तर काय याचा विचार. या यादीत तानपुऱ्याचे स्थान वेगळे आहे. आपल्याकडे मिरजेहून आणलेल्या दोन जोड्या आहेत, एक पुरुषी पट्टीची आणि एक बायकी पट्टीची. मिरजेच्या तानपुऱ्यांना व सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याला घरच्या माणसाचा सत्कार झाल्यासारखे वाटले. पण मानांकनाने जवारी टिकत नाही. पावसाळ्यात तारा उतरतात, उन्हाळ्यात लाकूड तडकण्याची भीती, भोपळ्याला धक्का लागला तर सारेच संपले. तारा सैल करून ठेवणे, पुसणे, गवसणी घालणे, मैफलीआधी तास-दोन तास तानपुरे सभागृहात आणून तिथल्या हवेला सरावू देणे, हे काम एका सभासदाने कित्येक वर्षे केले. त्यांना स्वतःला गाता येत नसे. पण घोडीवरचा धागा रेसभर सरकवून जवारी खुलली की, त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पुष्कळ गायकांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेले नाही.

मिरजेचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडच्या दौऱ्यावर असताना पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली, आणि सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्थानकावर त्यांनी देह ठेवला. त्यांचे दफन मिरजेत झाले आणि तेथील दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. उत्तरेत जन्मलेला कलावंत महाराष्ट्राचा होतो, तमिळ देशातल्या फलाटावर अखेरचा श्वास घेतो, आणि त्याच्या स्मृतीची निगा मिरजकर राखतात. संगीताचा माणूस एका प्रांताचा राहत नाही. त्याला ऐकणारी मंडळीही एकाच प्रांताची राहून चालत नाही.

यावरून मी आपल्या मंडळातल्या एका जुन्या वादाकडे येते. संगीत विभागाचे सभासदत्व केवळ मराठी माणसांना असावे की सर्वांना, यावर आपण कित्येक सभा गाजवल्या. ज्यांनी विरोध केला त्यांचे म्हणणे मुळीच क्षुद्र नव्हते. परगावी आपली भाषा बोलायला, आपल्या मुलांच्या कानी ती पडायला एवढे एकच छप्पर आहे, तेही सर्वांचे झाले तर आपले काय उरेल, ही त्यांची काळजी खरी होती. पण अनुभव निराळा आला. बैठकीला येणाऱ्या बंगाली डॉक्टरांनी आणि तमिळ अभियंत्यांच्या कुटुंबांनी मराठी नाट्यपदांचे अर्थ विचारायला सुरुवात केली, आणि ते सांगताना आपल्याच मुलांना ते प्रथम कळले. अभंगांचे म्हणाल तर आज चेन्नईच्या सभांतून कर्नाटक शैलीचे गायक विठ्ठलाचे अभंग मोठ्या प्रेमाने गातात. अरुणा साईराम यांनी ते किती दूरवर पोचवले, हे आपण जाणता. तंजावरच्या मराठी राज्यात कीर्तनाची परंपरा दक्षिणेत रुजली, तिचा हा लांबलेला धागा आहे. भाषा कोंडून टिकत नाही. पाहुण्याला समजावून सांगताना ती आपल्याही जिभेवर येते.

स्वयंसेवा ही दुसऱ्यासाठी केलेली मेहरबानी आहे, असे समजणारा कार्यकर्ता फार काळ टिकत नाही. येथे बदलून आलेल्या कितीतरी नवख्या कुटुंबांना गावाची ओळख झाली ती सतरंजीचे दुसरे टोक धरताना. 'बसा' म्हटले तर नवखा माणूस अवघडतो. 'जरा हे धरा' म्हटले की तो आपला होतो. जोडीदार गेल्यानंतर घराबाहेर पडणे सोडून दिलेल्या माणसाला चहाच्या कपांचा हिशेब सोपवला आणि तो पुन्हा माणसांत आला, अशी उदाहरणे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. नावे सांगत नाही; ती मंडळी येथेच बसलेली आहेत. आणि मुलांचे म्हणाल, तर तानपुरा छेडायला गायकाच्या मागे बसलेल्या मुलीला तीन तासांत जे शिकायला मिळते, ते वर्गात वर्षभरात मिळत नाही. तिथे चुळबूळ करता येत नाही, पुढे पुढे करता येत नाही आणि सुराकडे दुर्लक्ष तर मुळीच चालत नाही.

अर्थात आपल्या विभागात सारे गोडच होते असे म्हटले, तर ते जुन्या सभासदांना हसू आणील. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवायच्या की नाहीत, मुख्य गायकाआधी कोणाच्या मुलीला पंधरा मिनिटे द्यायची, हार कोणी घालायचा, अहवालात नाव आधी कोणाचे, यांवरून अबोले झाले, राजीनामे झाले, एका वर्षी तर दोन ठिकाणी दोन कोजागिरी झाल्या. तथापि मी एक पाहिले आहे. जे भांडले ते सारे काम करणारे होते. आयत्या वेळी येऊन जाणारे कधी भांडले नाहीत, कारण त्यांचे येथे काही गुंतलेले नव्हते.

आता मुद्द्याची गोष्ट. येत्या सर्वसाधारण सभेपुढे असा प्रस्ताव येणार आहे की, मासिक बैठका बंद कराव्यात आणि त्याऐवजी वर्षातून एक मोठा कार्यक्रम तिकीट लावून करावा, त्याची सर्व व्यवस्था पैसे घेऊन काम करणाऱ्या व्यावसायिक मंडळींकडे सोपवावी. प्रस्ताव मांडणारे माझे जवळचे सहकारी आहेत आणि त्यांची कारणे मला मान्य आहेत. आपण म्हातारे झालो. अनेकांची मुले दुसऱ्या शहरांत नोकरीला गेली आणि त्यांच्यामागून आईवडीलही जात आहेत. सभागृहाचे भाडे वाढले. बैठकीला कधी साठ माणसे असतात, कधी पंचवीस. घरी बसून हव्या त्या गायकाचे हवे ते ध्वनिमुद्रण ऐकता येते. मग ओझे वाहायचे कोणी आणि कशासाठी?

याचे उत्तर भावनेने देऊ नये, हिशेबाने द्यावे. व्यवस्थेतली काही कामे विकत घेता येतात. ध्वनिक्षेपक, मांडव, खुर्च्या, चहा, झाडलोट ही कामे आपण जरूर पैसे देऊन करून घ्यावीत. सत्तरीच्या माणसाने खुर्च्या उचलण्यात काही पुण्य नाही. पण दोन महिने न दिसलेल्या सभासदाला दूरध्वनी करून विचारपूस करणे, नवख्याला हाताला धरून आत आणणे, तानपुऱ्याची निगा राखणे, नवोदित गायकाला पंचवीस माणसांपुढे गाण्याची पहिली संधी देणे, ही कामे कोणत्याही दरपत्रकात नसतात. वार्षिक मोठ्या कार्यक्रमाला नामवंतच बोलवावे लागतील, नाहीतर तिकिटे खपणार नाहीत. मग नवोदितांनी गावे कुठे? आज जे नामवंत आहेत, तेही कधीतरी अशाच एखाद्या पंचवीस जणांच्या बैठकीत घाबरत षड्ज लावून बसले असतील.

लहान बैठकीची किंमत आपल्याला २०२० साली कळली. त्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि देशभरच्या मैफली थांबल्या. नामवंतांचे कसेबसे निभावले. तबल्याचे, पेटीचे, सारंगीचे साथीदार आणि वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर यांचे उत्पन्न एकाएकी बंद पडले. तेव्हा आपल्या विभागाने वर्गणी नेहमीप्रमाणे गोळा केली आणि मैफल न होताच पूर्वी येऊन गेलेल्या साथीदारांना बिदागी पाठवली. हे आपण करू शकलो, कारण आपल्या वहीत त्यांचे पत्ते होते आणि त्यांना आपली ओळख होती. कंत्राटाने झालेल्या कार्यक्रमात साथीदाराचा पत्ता कोणाजवळ राहतो?

तरुण मंडळी येत नाहीत, हेही अर्धेच खरे आहे. दिल्लीच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ साली स्पिक मॅके ही चळवळ सुरू केली आणि ती मुख्यत्वे विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बळावर शाळा-महाविद्यालयांत पसरली. त्या स्वयंसेवकांना गाण्याची आवड आधी होती असे नाही. कित्येकांना ती कलावंताला स्थानकावरून आणताना लागली असेल. तरुणांना श्रोते म्हणून बोलावले तर ते कदाचित येणार नाहीत. जबाबदारी देऊन पाहावी आणि ती खरी द्यावी. आपण काय करतो? त्यांना माळा लावायला सांगतो आणि गायक कोणता बोलवायचा हे आपण ठरवतो.

म्हणून मी सभेपुढे चार सूचना ठेवते. पहिली, प्रत्येक काम जोडीने व्हावे. एक जुना माणूस आणि एक नवा, म्हणजे एक गेला तरी काम थांबणार नाही. तानपुऱ्याच्या निगेपासून याचा आरंभ करावा, कारण ती जाणणारे आता आपल्याकडे एकच गृहस्थ उरले आहेत. दुसरी, बारांपैकी चार बैठका पस्तिशीच्या आतल्या सभासदांनी स्वतंत्रपणे ठरवाव्यात. गायक त्यांनी निवडावा, खर्चही त्यांनी सांभाळावा, आणि आपण त्या दिवशी केवळ श्रोते व्हावे. तिसरी, पहिली रांग कोणासाठीही राखू नये. चौथी, साथीदारांची बिदागी मैफल संपताच, मुख्य कलावंताच्या बरोबरीने त्यांच्या हाती द्यावी. या चारही सूचनांना पैसा फारसा लागत नाही. दोन वर्षे हे करून पाहावे. तरीही बैठका चालल्या नाहीत, तर त्या सन्मानाने बंद करण्याच्या ठरावाला मीच अनुमोदन देईन.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे ही संस्थेच्या आयुष्यात मोठी नाहीत. आपल्या मंडळाची स्थापना करणाऱ्यांपैकी फार थोडे आज आपल्यात आहेत. त्यांनी आपल्याला कोणता ठेवा दिला, असे मला कोणी विचारले तर मी सभागृह किंवा ठेवीची रक्कम सांगणार नाही. महिन्यातून एकदा, कसलेही निमित्त नसताना, एकमेकांच्या शेजारी गप्प बसून काही चांगले ऐकण्याची सवय त्यांनी आपल्याला लावली. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या माणसांना ही सवय फार मोठा आधार देते. ती पुढच्यांच्या हाती देणे वा न देणे आता आपल्यावर आहे.

कार्यक्रमानंतर सतरंज्या आवरायच्या आहेत. ज्यांना लवकर जायचे नसेल त्यांनी थांबावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.